दुधाच्या रांगेतली शिकवणी

शिवानीनं त्याला पहिल्यांदा पाहिलं ते दुधाच्या रांगेत. हातात किटली नव्हती, फाइल होती. देवणीजवळच्या त्या गावात संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ ऐंशी घरांचं दूध यायचं आणि फॅटच्या यंत्रामागं बसणाऱ्या शिवानीला ती ऐंशी घरं दुधावरूनच ओळखू यायची. कुणाची म्हैस व्याली, कुणाकडं पाहुणे आले, कुणाचा हात पाण्याच्या तांब्याकडं सैल... हा मात्र कुठल्याच घरचा नव्हता. इस्त्रीचा शर्ट, चष्मा आणि शेणात बुडालेला एक बूट.

तरी रांग मोडून पुढं घुसला नाही. वीस माणसांमागं उभा राहिला आणि नंबर आल्यावर म्हणाला, "शाळा कुठंय?"

"तुमच्या पाठीमागं हाय."

त्यानं वळून पाहिलं. शाळा खरंच तिथं होती. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या आणि शिवानीनं मनातल्या मनात त्याला एक गुण देऊन टाकला.

मिहिर लातूरचा, मास्तरांच्या घरातला. तिथल्या एका संस्थेनं आठवी-नववीच्या मुलांसाठी मोफत शिकवणी काढायचं ठरवलं होतं आणि आखणीचं काम याच्याकडं होतं. शनिवारी संस्थेचे माधवराव पटसंख्या बघायला येणार होते. तीस मुलं भरली नाहीत, तर शिकवणी जळकोटला जाणार. तिच्याबरोबर मिहिरही.

त्यानं शाळेच्या भिंतीवर वेळापत्रक लावलं: सकाळी साडेपाच ते सात, संध्याकाळी सहा ते आठ. 'शांत वातावरण' असा एक रकानासुद्धा होता. शिवानी मुद्दाम जाऊन वाचून आली. तिनं सांगून पाहिलं की, या दोन्ही वेळांना अख्खं गाव म्हशीखाली बसलेलं असतं आणि पोरं किटल्या घेऊन तिच्यासमोर.

"लातूरला मुलं पाचला उठतात," तो म्हणाला.

"हितं म्हशी उठतेत, सर. पोरं त्यांच्या मागनं."

सोमवारी चार मुलं आली. मंगळवारी दोन, त्यातलं एक चेंडू शोधायला. बुधवारी तो घरोघर फिरला. प्रत्येक घरानं चहा पाजला, 'हाव, धाडतो' म्हटलं आणि पोरगं काही धाडलं नाही. गुरुवारी संध्याकाळी तो रांगेच्या शेवटी येऊन उभा राहिला. फाइल मिटलेली होती.

मान वर न करता शिवानीनं त्याला सांगितलं, की पोरं सगळी इथंच आहेत, प्रत्येकाला पाऊण तास थांबावं लागतं, तेव्हा तो शांत वातावरणाचा रकाना तेवढा खोडावा.

त्यानं तिथंच खोडला. शिवानी बघत राहिली... या गावात दूध पातळ निघालं तरी माणसं यंत्राला नावं ठेवायची. इतकं सरळ हरणारं माणूस तिनं पाहिलंच नव्हतं.

शनिवारी संकलन केंद्राच्या ओसरीवर फळा लागला. महिन्याभराच्या फॅटचे आकडे घेऊन दशांश, सरासरी, टक्केवारी. पोरं किटल्यांवर बसून तोंडी गणितं करत होती. विठाबाईच्या नातवानं तर चारचौघांत सिद्ध केलं की, आजीचं दूध दर गुरुवारी पातळ होतं.

"गुरुवारी उपास असतो," विठाबाई म्हणाली.

"तुझा का म्हशीचा?" रांगेतून केरबानं विचारलं.

माधवरावांनी डोकी मोजली. एक्केचाळीस. त्यांनी मिहिरची पाठ थोपटली आणि म्हणाले, की आता इथली घडी बसली, सोमवारपासून त्यानं जळकोटची आखणी हाती घ्यावी.

शिवानीचा हात यंत्रावरच थांबला. तीस भरली नाहीत तर हा जाणार, एवढंच धरून तिनं खटपट केली होती. भरली तरी जाणार, हे तिच्या गणितात आलंच नव्हतं. मिहिर तिच्याकडं बघत फाइल नुसतीच उघडत-मिटत होता. शिकवायला कितीही हुशार असला, तरी मनातलं बोलायच्या बाबतीत मागच्या बाकावरचा.

"काका," ती म्हणाली, "उन्हाळ्यात म्हशी आटल्या की रांग आटती. मग वर्ग कुठं भरवायचा, ते आखलंय का?"

माधवरावांनी मिहिरकडं पाहिलं. त्यानं गंभीरपणे मान हलवली. नव्हतं आखलं.

"सोयाबीन काढणीला आलं की पोरं रानात. त्याचं?"

तेही नव्हतं.

"किती दिवस लागतील?" माधवरावांनी विचारलं.

"वर्ष तरी. बारा महिन्यांचं दूध बघितल्याबिगर ह्या गावाचं काही कळत न्हाई."

माधवरावांनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं, चष्मा पुसला आणि जळकोटला दुसऱ्या कुणाला धाडतो म्हणत गाडीत बसले. जाताना हसत होते, असं केरबा अजून सांगतो.

मिहिर यंत्राजवळ आला. "खरंच वर्ष लागतं?"

"आखणीला? दोन दिवस."

"मग वर्ष कशाला मागितलं?"

"मला लागतं," ती आकडा लिहीत म्हणाली. "माणूस एका आठवड्यात कळत न्हाई."

"मला कळलं की..." तो म्हणाला. "शाळा कुठंय विचारलं, तेव्हाच."

शिवानीनं मान वर केली. आता लाल व्हायची पाळी तिच्या कानांची होती. त्यानं ते पाहिलं. तिनंही, त्यानं पाहिल्याचं पाहिलं. आणि दोघंही तसेच—

"झालं असलं तर मापं घे माय," मागून विठाबाई म्हणाली. "दूध नासायलंय."