धुक्याखालचा सौदा

कॉफी पिणाऱ्या गावात चहा विकून ज्यानं घर बांधलं, त्याला धंदा कुणी शिकवू नये. सयाजीअण्णांचं बंगळुरातल्या यशवंतपूरच्या बाजारात चहापुडीचं दुकान. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड, ही दहा पिढ्यांची रीत. शाळा सातवीत सुटली, पण नाक असं की एकदा एका एजंटानं आसामची म्हणून पत्ती पुढे केली, तेव्हा अण्णांनी चिमूटभर हुंगली आणि विचारलं, लॉरीत शेजारी मिरचीची पोती होती ना? एजंटानं पुडी गुंडाळली आणि जाताना पाया पडून गेला.

असा माणूस साठाव्या वर्षी पाठीवर सॅक घेऊन डोंगरात भटकायला निघाला म्हणजे बाजाराची आठवडाभर करमणूक. लेक शिवानी शहरातच, येलहंक्याला राहायची. तिनंच आईबापांच्या लग्नाच्या वाढदिवसाला दोन सॅक आणल्या, आईला निळी, बापाला केशरी, आणि निलगिरीतल्या कुन्नूरच्या बसची तिकिटं हातात ठेवली. गाडी करायची नाही, बिऱ्हाड पाठीवर घ्यायचं आणि पायी हिंडायचं, अशी तिची अट. शेजारचा मसालेवाला म्हणाला, अण्णा, हमालीची एवढी हौस होती तर आमच्या गोदामात यायचं. अण्णांच्या बायकोनं, कावेरीअक्कांनी, मात्र कुणाचं ऐकलं नाही. सगळा जन्म चहाच्या पुडीत गेला आणि चहाचं झुडूप कसं दिसतं ते ठाऊक नाही, ही त्यांची जुनी तक्रार. निघताना त्यांनी केसांत मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, हातभर गजरा माळला.

अण्णा राजी झाले त्याचं कारण वेगळं होतं, आणि ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्यांना ताप आला. ताप गेला, पण जाताना वास घेऊन गेला. कापूर हुंगला तरी काही नाही, हिंग हुंगला तरी काही नाही. दुकानातलं मिश्रण सगळं त्यांच्या नाकावर चालायचं. ते आता अंदाजानं चाललं होतं, आणि गिऱ्हाइकाला अंदाज बरोबर कळतो. कोपऱ्यावरच्या दर्शिनीचा, म्हणजे उभ्यानं खायच्या हॉटेलाचा, मालक, बापाच्या वेळचं गिऱ्हाईक, परवाच म्हणून गेला होता की चहाला पहिली चव नाही. असंच चाललं तर वर्षअखेर दुकान मोडून कुण्या मोठ्या कंपनीच्या पाकिटांची एजन्सी घ्यायची, असं अण्णांनी मनाशी ठरवलं होतं. डोंगरातली हवा शेवटचा उपाय.

कुन्नूरला पोचले तेव्हा उन्हं कोवळी होती. डोंगर कसा, तर कुणीतरी विंचरून भांग पाडल्यासारखा, रांगेनं चहा. कावेरीअक्का प्रत्येक वळणावर थांबत, प्रत्येक झुडपाला हात लावत आणि 'हे का ते?' म्हणून विचारत. पाठीवरच्या निळ्या सॅकनं त्या कॉलेजात निघाल्यासारख्या दिसत होत्या, आणि अण्णांनी तसं म्हटल्यावर लाजल्याही.

उतरायला कृष्णमूर्तींचं घर होतं. दोन खोल्या पाहुण्यांना द्यायचे. म्हातारा मूळचा म्हैसूरकडचा, कन्नडात बोलायला माणसं मिळाली म्हणून खूश. ओसरीवर त्यांनी चहा आणून दिला. अण्णांनी भुरका मारला आणि सवयीनं मान डोलावली. "आलं छान उतरलंय."

कृष्णमूर्ती आत गेल्यावर कावेरीअक्का हळूच म्हणाल्या, "अहो, यात आलं नाहीये."

अण्णांनी कपात वाकून पाहिलं.

"घरच्या चहातही दिवाळीपासून घालत नाही मी. आणि तुम्ही रोज म्हणता, आलं छान उतरलंय."

अण्णांना धरणी ठाव देईना. बोलली का नाहीस, म्हणाले. त्या म्हणाल्या, तुम्ही सांगाल म्हणून थांबले, आणि तेवढीच आल्याची बचत. मग दोघंही इतके हसले की कपबशी हिंदकळली. दोन वर्षांचं ओझं त्या ओसरीवर उतरलं; दुकान मोडायचा बेतसुद्धा अण्णांनी सांगून टाकला. अक्कांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "दुकान मोडायचं नाही. हुंगायचं काम मी करते, बोलायचं तुम्ही करा. माझं एक नाक दोघांना पुरेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं मळ्यातून वर जायला निघाले, तेव्हा कृष्णमूर्ती फाटकापर्यंत आले. धुकं उतरलं तर दोन्ही हातांनी सॅकचे पट्टे धरून चाला, म्हणाले. हात मोकळे सोडू नका. पाय घसरेल म्हणून सांगतोय, असं अण्णांना वाटलं. सरी सरी, बरं बरं, म्हणाले आणि निघाले.

धुकं खालून आलं. आधी दरी गेली, मग वाट, मग स्वतःचेच बूट. आवाजही धुक्यानं गिळले. पानांवरून थेंब पडत होते, पण ते कुठे पडतात ते कळत नव्हतं. डाव्या हाताला पत्र्याची जुनी, बंद पडलेली चहाची वखार होती. तिचं एक दार वाऱ्याशिवाय हलत होतं... करकर, आणि मग बराच वेळ काही नाही. अक्का दहा पावलं पुढे होत्या. कोवळी पानं खुडत त्या काहीतरी बोलत होत्या, आणि बोलणं कापसातून आल्यासारखं येत होतं.

अण्णांचा चष्मा धुरकटला. पुसायला त्यांनी पट्ट्यावरचा हात काढला, चष्मा पुसला, हात खाली सोडला.

कुणीतरी तो धरला.

कावेरी असेल, असं पहिल्या क्षणी वाटलं. पण अक्कांचा आवाज अजून पुढूनच येत होता. आणि हा हात कोरडा होता. आसपास सगळं ओलंचिंब, आणि हात मात्र वाळल्या पत्तीसारखा कोरडा, गार. मनगटाच्या पुढे धुकं. मग त्या हातानं अण्णांची पाचही बोटं एकत्र दाबली.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. पूर्वी बाजारात मोठा सौदा तोंडानं होत नसे. दोघं व्यापारी हातावर रुमाल टाकत आणि रुमालाखाली बोटं दाबून आकडा सांगत, म्हणजे भोवतालच्यांना भाव कळू नये. याला हत्ता म्हणत. अण्णांच्या वडिलांनी पोराला पाढ्यांच्या आधी हत्ता शिकवला होता. वडील गेल्यापासून अण्णांनी तसा सौदा केला नव्हता, पण पोहणं आणि हत्ता अंगातून जात नाही. समोरच्यानं पाच म्हटलं, आणि माणूस कोण, माल काय, हे मनात येण्याआधी अण्णांच्या हातानं एकच बोट दाबलं.

तो हात थांबला. मग त्यानं तीन दाबली.

अण्णांनी पुन्हा एक.

मग बराच वेळ काही झालं नाही. वखारीचं दार करकरलं. अण्णांना भीती वाटायला हवी होती, आणि वाटतही होती. पण घासाघीस अर्ध्यावर सोडायची त्यांना सवय नव्हती. शेवटी त्या हातानं अण्णांचा अख्खा तळवा दाबला. सौदा पक्का. अण्णांनीही दाबला. हात निघून गेला.

आणि वास आला.

आधी ओल्या मातीचा. मग पत्तीचा, हिरवा, स्वल्प कडवट. गंजलेल्या पत्र्याचा, स्वतःच्या घामाचा, सॅकच्या नव्या कापडाचा. आणि समोरून, धुक्यातून, शिळ्या मल्लिगेचा. अण्णा त्या वासाच्या मागे लहान मुलासारखे धावले, दोनदा घसरले, अक्कांच्या खांद्याला धरून त्यांनी केसांत नाक खुपसलं आणि रडायलाच लागले. अहो, माणसं बघतील, असं अक्का म्हणत होत्या, पण बघायला होतं कोण. त्यांनी हातातला पानांचा ओंजळभर ढीग खाली टाकला आणि पदरानं नाक पुसलं. गारव्यानं चोंदलंय, म्हणाल्या.

परतल्यावर अण्णांनी सगळी हकिकत रंगवून सांगितली. अक्का पोट धरधरून हसल्या. देवानं नाक परत दिलं, आणि हे देवाशीही घासाघीस करून आले, म्हणाल्या. कृष्णमूर्ती मात्र हसले नाहीत.

"हात दिलात म्हणजे," ते म्हणाले. "काय ठरलं?"

"पाचावरून एकावर आणलं."

"एक काय, अण्णा?"

अण्णांनी खांदे उडवले. रुमालाखाली फक्त आकडा असतो, माल दोघांच्या समोर असतो. इथे समोर धुकं होतं.

"आणि माल... कुणाचा होता?"

"माझाच असणार की," अण्णा म्हणाले.

कृष्णमूर्तींनी कप उचलले आणि ते आत गेले. दुसऱ्या दिवशी बसपर्यंत पोचवायला आले तेव्हा त्यांनी दोघांनाही लांबूनच हात जोडले.

बंगळुराला परतल्यावर जे सुख सुरू झालं ते काय सांगावं. अण्णांनी पहिल्याच दिवशी गोदामातला माल तपासावा तसा एकेक वास तपासला. हिंग, कापूर, फिल्टर कॉफी, रिक्षाचा धूर, देवघरातली समई. सगळं होतं, एकही कमी नव्हता. उलट नाक पूर्वीपेक्षा तल्लख झालं होतं. मिश्रण पुन्हा जमलं. दर्शिनीचा मालक एक घोट घेऊन म्हणाला, हे बघा, अण्णा परत आले. शिवानीनं पुढच्या सहलीची तिकिटं बघायला सुरुवात केली. 'एक'चं अण्णा हळूहळू विसरले. काही गेलंच नव्हतं, मग द्यायचं राहिलं असेल, किंवा घेणाऱ्यानं सोडून दिलं असेल. अशी माणसं धंद्यात असतात.

एका रविवारी सकाळी अण्णांनी ठरवलं की आजचा चहा आपण करायचा. कावेरीअक्का बाहेर पायरीवर बसून फुलवालीनं दिलेला ताजा गजरा हातात फिरवून बघत होत्या. अण्णांनी पत्ती टाकली, दूध टाकलं, वेलदोडा कुटला. गुणगुणत दोन कप भरून बाहेर आणले. एक अक्कांच्या हातात दिला आणि शेजारी टेकले. ऊन अंगणात येत होतं. मल्लिगेच्या वासानं सगळी पायरी भरून गेली होती.

अक्कांनी घोट घेतला. डोळे मिटले. मान डोलावली.

"आलं छान उतरलंय," त्या म्हणाल्या.

अण्णा हसणार होते. त्यांनी बायकोच्या चेहऱ्यावर थट्टा शोधली, ओठांच्या कोपऱ्यात, डोळ्यांत. अक्का गजरा नाकाजवळ धरून समोर उन्हाकडे बघत होत्या.

आत ओट्यावर आल्याचा तुकडा तसाच पडला होता, सोललेलासुद्धा नव्हता.