पोलंडला न गेलेल्या पेट्या

गोदामाच्या मागच्या भिंतीशी चार पेट्या सापडल्या. सीलबंद. कागदोपत्री त्यांतले जर्दाळू पोलंडमधल्या घरांत महिन्यापूर्वीच खाऊन संपले होते.

बाहेर ट्रक भरत होते. इथल्या बातकेन खोऱ्यातलं जर्दाळूंचं वर्षाचं सगळं पीक आज पोलंडला निघणार होतं. तिथे खपलं नाही, तर ते परत आणायची ऐपत खोऱ्यात कुणाचीच नव्हती.

मालक जमिरबेकने आयजारकिनला बोलावून घेतलं. ती कस्टममधून निवृत्त झालेली तपासनीस. गुडघे दुखत होते, म्हणून ती एका पेटीवरच बसली.

"पाहणीला कोण गेलं होतं?"

"माझा भाचा, उलान. चव आवडते का, ते घरोघर विचारून आला."

"आपा, मी नेल्या त्या पेट्या वेगळ्या," उलान म्हणाला. "या गुलजातने जास्तीच्या भरल्या असतील."

"जास्तीच्या भरायला मला काय चार हात आहेत?" गोदाम सांभाळणारी गुलजात उसळली. "तुझ्या हातात दिल्या त्याच या."

"पासपोर्ट?" आयजारकिनने विचारलं.

"पुढच्या व्हिसासाठी वकिलातीत दिलाय."

"बरं जमलं."

उलानने फोनवर फोटो दाखवले. गोरं कुटुंब, ताटलीत जर्दाळू, सगळे हसताहेत. घरची बाई उजव्या हाताने मोठा कप पुढे करतेय, डावा हात कोपराशी. कपात घोटभर चहा.

"चहा कुणी ओतला?"

"त्या बाईनंच. पाहुणा कधी ओततो का?"

आयजारकिनने डोळे मिटले. तिला हे शोधायचं नव्हतं.

"आपल्याच ओश शहरातलं कुठलं रशियन घर हे, उलान?"

उलानने फोन खिशात टाकला.

"कोपराला हात लावून मानाने देणं आपलं. काठोकाठ भरलेला कप म्हणजे 'आता निघा', हेही आपल्याकडे. म्हणून आपण घोटघोट ओततो, पुन्हा पुन्हा. पोलंडमधली बाई असं कशाला करेल? माणसं तू गोरी शोधलीस, कप परदेशी आणलेस. पण तो हात इथेच चहा द्यायला शिकलाय. तू गेलाच नाहीस. आणि अन्न फेकवेना, म्हणून पेट्या इथे लपवल्यास."

"का रे?" जमिरबेकने विचारलं.

"मामा, तुम्ही या सौद्यासाठी आधीच मेंढी कापली. गावच्या म्हाताऱ्यांनी हात पसरून पोलंडच्या सौद्याला आशीर्वाद दिला. मग मी तिथे जाऊन काय विचारायचं होतं? तिथले लोक नको म्हणाले असते, तर कुणाला सांगायचं होतं?"

"काय म्हणाले असते ते?" आयजारकिनने विचारलं.

"माहीत नाही."

आयजारकिन भिंतीला धरून उठली. "ट्रकमधला माल उतरवायला सांग, जमिरबेक."

"आणि म्हाताऱ्यांना?"

"त्यांना तू स्वतः सांग. भाच्याला पाठवू नकोस."