'येतो' म्हणू नका

घराबाहेर पडताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आमच्या भागात तर बायाही 'येतो'च म्हणतात. पण इंदूच्या बाबतीत ती नुसती रीत नव्हती. ती सात वर्षांची असताना तिचा बाप सावली तालुक्यातल्या त्यांच्या गावातून पहाटे मोहफुलं वेचायला निघाला. चपलेचा अंगठा तुटला म्हणून वैतागला होता. "जातो मी," एवढंच बोलला आणि गेला. संध्याकाळी लोकांनी घरी आणून दिली ती त्याची टोपली आणि एक चप्पल. वाघानं बाकी काही ठेवलं नव्हतं. तेव्हापासून तो शब्द इंदूनं कधी तोंडातून काढला नाही.

तिचा नवरा गुणवंत चंद्रपुरात मास्तर. माणूस सोन्यासारखा, पण खोडी काढल्याशिवाय त्याला अन्न पचत नसे. रोज सकाळी स्कूटरला किक मारून तो मुद्दाम म्हणायचा, "जातो बरं, इंदू." मग ती उंबऱ्यात येऊन उभी राहायची. तो हसत 'येतो' म्हणेपर्यंत हलायची नाही, आणि म्हणाला की 'या' म्हणून मगच आत वळायची.

"घरातून भुतंखेतं छप्पन साली दीक्षा घेतली तवाच हाकलली आपण," तो चिडवायचा. "अन तू एका शब्दाले भेतं?"

"भुताचं काई नाई," ती म्हणायची. "हे माह्या बापाचं आहे."

त्र्याऐंशी सालच्या दिवाळीच्या सुट्टीत दोघं स्कूटरवर हाडं खिळखिळी करत आलापल्लीला आली. गुणवंतचा मावसभाऊ तिथं वनखात्यात होता, त्याच्या क्वार्टरवर उतरली. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि दोघांनी मिळून कुठं फिरायला जायची ही पहिलीच वेळ. दुसऱ्या दिवशी सकाळी भामरागडच्या रस्त्यानं निघाली, जुन्या जंगलातले मोठे साग पाहायला. गुणवंतनं एका झाडाला मिठी मारली, पलीकडून इंदूनं मारली, तरी बोटांना बोटं लागेनात. दोघं पोटभर हसली. इतकं मोकळं इंदू घरी कधी हसली नव्हती.

तेवढ्यात पाऊस आला. दिवाळीतला पाऊस, ना वेळ ना काळ. थोड्या अंतरावर लालसू नावाच्या माडिया म्हाताऱ्याचं चहाचं छप्पर होतं, तिथं दोघं शिरली. दीड-दोन तास झाले तरी थेंब थांबेना. शेवटी गुणवंत उठला तसा लालसू चुलीवरून मान न उचलता म्हणाला, "वाटेत डहाळ्यायचा ढीग लागंल. थांबा तिथी. एक-एक डहाळी टाका अन 'जातो' मना."

"जातो?" इंदूनं विचारलं.

"हव. 'येतो' नका मनू. एक बाई होती. तिचा माणूस 'येतो' मनून हाटाले गेला, आलाच नाई. ते बाई तिथी बसून वाट पाहे. बसल्या जागीच मेली. आता कोणीबी 'येतो' मनलं का तिले आपलाच माणूस वाट्टे." त्यानं चुलीत फुंकर घातली. "अन ज्याचं त्यानं मनाव, भाऊ. एकानं दोघायचं मनून चालत नाई."

"बरं बरं," म्हणत गुणवंतनं इंदूला डोळा मारला.

परतीचा रस्ता एकच. ना फाटा, ना वळसा. दोन्ही अंगांनी सागाचं रान आणि मोठमोठ्या पानांवर पावसाचा ताशा. 'आलापल्ली १२' असा मैलाचा दगड गेला आणि लगेच डाव्या हाताला ढीग दिसला. सकाळी जाताना लक्षात न आलेला, कमरेइतका. खालच्या डहाळ्या कुजून माती झालेल्या, वरच्या हिरव्या.

इंदूनं खांद्यावर थाप मारून स्कूटर थांबवायला लावली. सागाची एक डहाळी मोडली, तिला एकच पान होतं, किड्यांनी चाळणी केलेलं. ती तिनं ढिगावर ठेवली. आता तो शब्द म्हणायचा. तोंड उघडलं, पण जीभ उचलेना. डोळ्यांपुढे ती एकटी चप्पल आली.

गुणवंत स्कूटरवरून उतरलाच नव्हता. एक पाय खाली टेकवून मोठ्यानं म्हणाला, "येतो वो बाई... येतो बरं!"

"ये."

इंदूला अगदी जवळून ऐकू आलं. बसक्या आवाजात, हळूच. "आलो, आलो," म्हणत ती पदर सावरून घाईनं मागच्या सीटवर बसली. "कशाले बोलावता? येऊनच राह्यली होती ना मी."

"मी कुठी बोलावलं?" गुणवंत म्हणाला, आणि गाडी निघाली.

तिला थंडी वाजायला लागली. गुणवंतचा सदरा तिनं मुठीत धरला. 'ये' नवरा म्हणाला नाही, तर कोण म्हणालं, याचा ती विचार करत राहिली. अर्धा तास तरी झाला असेल. बारा किलोमीटरला किती वेळ लागावा? मग तिला मैलाचा दगड दिसला. 'आलापल्ली १२'. आणि डाव्या हाताला ढीग.

"दुसरा असंल," गुणवंत म्हणाला. "जंगलात का एकच ढीग राह्यते?"

इंदूनं ढिगाच्या माथ्यावर पाहिलं. चाळणी झालेलं एकच पान. तिनं ते त्याला बोटानं दाखवलं. गुणवंतनं मग गाडी जोरात पिटाळली, खड्डे पाहिले नाहीत, चिखल पाहिला नाही. पावसाच्या धारांतून ती एकेक झाड मोजत होती. पुन्हा दगड आला. पुन्हा बारा. आणि ढिगासमोर येऊन स्कूटर दोन आचके देऊन बंद पडली.

दुपारचे तीन वाजले असतील, पण उजेड दिवेलागणीचा. पाऊस पडत होता आणि त्याचा आवाज येत नव्हता. हे इंदूच्या जरा उशिरानं लक्षात आलं. पानं हलत होती, पाणी वाहत होतं, सगळं मुकाट. नाकात एक वास भरला, बाईचे न वाळलेले केस अंबाड्यात बांधून ठेवल्यावर येतो तसा.

"अवो," ती कुजबुजली. "मना एकदा... 'जातो' मना."

"लाकडायले काय मनू मी?" तो किक मारत राहिला. रोज सकाळी ज्याच्या तोंडातून तो शब्द गंमत म्हणून निघायचा, त्याला आज तो निघेना. भ्यालेलं दिसायचं नव्हतं त्याला, दुसरं काय. अशा वेळी पुरुषाचा ताठा कुठून येतो देव जाणे.

"मना ना... तुमाले माही आण आहे."

"बस, इंदू. प्लगात पाणी गेलं, दुसरं काई नाई."

ढिगापलीकडं काही हललं नाही, पण कोणी तरी बसल्या जागेवरून उठावं तशी डहाळ्यांची करकर ऐकू आली. तेवढाच एक आवाज त्या मुक्या पावसात. इंदू उतरली. तिला वाटलं, बाप गेला तेव्हा मी सात वर्षांची होते, काही करू शकले नाही. आज मी तीस वर्षांची आहे. तिनं आणखी एक डहाळी मोडली, ढिगावर टाकली आणि डोळे मिटून बापाचा तो शब्द तोंडातून बाहेर काढला.

"जातो. आमी... आमी दोघंबी जातो."

या वेळी 'ये' ऐकू आलं नाही. पावसाचा आवाज एकदम परत आला. पहिल्याच किकला स्कूटर सुरू झाली आणि वीस मिनिटांत आलापल्लीचा लाकडांचा डेपो दिसला. 'ज्याचं त्यानं मनाव' हे लालसूचं बोलणं इंदूला वाटेतच आठवलं होतं. पण सुटलो ना आपण, असं म्हणून तिनं ते मनातच दाबलं.

चंद्रपूरला आल्यावर त्या दुपारबद्दल दोघंही बोलली नाहीत. मात्र गुणवंत बदलला. एकदा रात्री तिचा हात हातात घेऊन म्हणाला, "तुही लई मजाक केली मी. आता नाई करणार." इंदूला भरून आलं. चार वर्षांत तिला हेच तर हवं होतं.

सुट्टी संपली. शाळा उघडली त्या सकाळी लख्ख ऊन होतं. इंदू पीठ भरल्या हातानं उंबऱ्यात आली. गुणवंतनं स्कूटर अंगणातून बाहेर काढली, किक मारली आणि खोडी नाही, काही नाही, सरळ शहाण्या माणसासारखा म्हणाला, "येतो, इंदू."

तिनं तोंड उघडलं.

"ये."

बसका आवाज. इंदूच्या मागून, घरातून. न वाळलेल्या केसांचा वास आला.

गुणवंतनं वळून पाहिलं आणि हसला. "आज डायरेक 'ये'? नवऱ्याले एकेरीवर आणलं का वो मास्तरीणबाई?" हात हलवून तो गल्लीच्या वळणावरून दिसेनासा झाला.

इंदूचं 'या' अजून घशातच होतं.