जागेची शांतता

चित्रीकरण संपलं की सगळ्यांना चहाची आठवण होते आणि माझं एक काम उरलेलं असतं. मी हात वर करून ओरडतो, "एक मिनिट कुणी हलायचं नाही!" मग साठ सेकंद मी त्या जागेची नुसती शांतता फितीवर घेतो. प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते. सिमेंटच्या खोलीची वेगळी, पत्र्याच्या शेडची वेगळी, तुरीच्या रानाची वेगळी. पुढे संकलनात दोन वाक्यांमधली भोकं बुजवायला ती लागते. युनिटमधले लोक माझी चेष्टा करतात की भुजंगला काही न ऐकण्याचा पगार मिळतो.

१९९३ साली मी ज्या मालिकेवर होतो, ती गोल्फ खेळून पोट भरणाऱ्या माणसांवर होती. तेरा भाग. मैदानावर काय होतं ते जगाला दिसतंच. आम्हाला त्याच्या मागचं हवं होतं. पहिल्या फटक्याआधी मोरीत जाऊन ओकणारा खेळाडू, हॉटेलच्या बेसिनमध्ये मोजे धुणारा, हरल्यावर बायकोला फोनवर "पाऊस होता" म्हणून खोटं सांगणारा. मी माझ्या आईला हा खेळ समजावून सांगितला, तर ती म्हणाली, "म्हंजी विटीदांडूच की रं, निस्ती विटी गोल हाय." तिचं फारसं चुकलं नव्हतं.

आमच्या सहा खेळाडूंपैकी चौघे लहानपणी दुसऱ्यांच्या काठ्यांच्या पिशव्या वाहणारे कॅडी होते. त्यातला एक रंगनाथ. तो माझ्याच गावचा, चुडावा स्टेशनापासून पाच मैलांवरच्या. यादीत त्याचं नाव वाचलं तेव्हाच मी काम नाकारणार होतो. पण रंगनाथनेच दिग्दर्शक बन्सीधरला बजावलं होतं, "आवाजाला भुजंगदादाच पाहिजेत. त्यांच्यामुळं आम्ही जिवंत आहोत."

हे तो खरंच मानत होता. म्हणूनच मला त्याच्यासमोर जेवण जात नसे.

आता तेव्हाचं सांगतो. सांगायचं तर सगळंच सांगायला हवं.

अठ्ठ्याहत्तर सालचा श्रावण. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. रंगनाथचा थोरला भाऊ पंडित परभणीला कॉलेजात होता. त्याने गावाच्या चावडीच्या भिंतीवर चुन्याने नामांतराची घोषणा लिहिली होती. आम्ही एका वयाचे, एकोणीसचे. लहानपणी विटीदांडू खेळताना पंडित कायम पुढे, लांब गवतात उभा राही. विटी कुठेही पडो, त्याला दिसायचीच. मग दोन्ही हात वर करून ओरडायचा, "हितं हाय!"

त्या दिवशी दुपारी बातमी आली की शेजारच्या गावांतून माणसं पंडितची दलित वस्ती जाळायला निघाली आहेत. त्यात आमच्या गावचीही होती, हे पुढे सगळे सोयीने विसरले. मी पंडितची आई चांगुणाबाई आणि अकरा वर्षांचा रंगनाथ यांना बैलगाडीत कडब्याखाली झाकून चुडाव्याला न्यायचं ठरवलं. पंडितला गाडीत घेणं शक्य नव्हतं. त्यालाच तर सगळे शोधत होते.

आमच्या खळ्यामागे, गावठाणाच्या पांढऱ्या मातीत एक पेव होतं. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, खाली खोलीएवढं पोट. वर्षाची ज्वारी पोत्यांत भरून त्यात ठेवायची, तोंडावर फरशी टाकायची आणि शेणमातीने लिंपायचं. ते आठ दिवसांपूर्वीच थोडी ज्वारी काढून पुन्हा बंद केलेलं होतं. आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं की पेव उघडलं की दिवसभर तसंच सोडायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. ज्योत विझली तर उतरायचं नाही. आत कोंडलेल्या ज्वारीची हवा माणूस मारते.

मी कंदील सोडला नाही. वेळ नव्हता, आणि खळ्यात कंदील घेऊन उभा असलेला मी कुणाला दिसलो असतो तर? फरशी सारली, पंडित उतरला. मी वरून म्हणालो, "गप बस पंडित. रातच्याला काढतो." फरशी ओढली. फटी दिसू नयेत म्हणून ओल्या मातीने लिंपूनही टाकल्या.

मायलेकरांना पुण्याला जायला आगगाडीत बसवून दिलं. स्टेशनवर कळलं, मदत करणाऱ्यांनाही शोधताहेत. मी परत गेलो नाही. चुडाव्याला एका ओळखीच्या माणसाच्या घरात दोन रात्री राहिलो. भ्यालो. दुसरं काहीही कारण नव्हतं.

तिसऱ्या दिवशी फरशी सारून कंदील खाली सोडला. तीन हातांवर ज्योत विझली. मी हाक मारली नाही. पुन्हा लिंपलं. वडिलांना, म्हणजे आबासाहेबांना, सांगितलं की पेवात पाणी शिरलं, ज्वारी नासली, वास येईल. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यानंतर त्यांनी पेव कधी वापरलं नाही.

चांगुणाबाईचं पुण्याहून पत्र आलं. पंडित कुठाय? मी उत्तर लिहिलं, दुसऱ्या दिवशीच्या गाडीत मी स्वतः बसवून दिला. पुढे भेटी होत गेल्या तसं ते खोटं वाढत गेलं. खिडकीपाशी बसवला. निळा सदरा होता. हात हलवला. पंधरा वर्षं ती बाई पुणे स्टेशनवर निळे सदरे बघत फिरली. माझ्या मनाची मी एकच समजूत घातली होती. त्या हवेत माणूस दोन श्वासांत जातो. त्याला कळलंही नसेल.

आता मालिकेकडे येतो. पुण्याच्या मैदानावर पहिल्याच आठवड्यात ते झालं. गोल्फमध्ये एक माणूस पुढे, फटक्याच्या टप्प्यात जाऊन उभा राहतो आणि चेंडू कुठे पडला ते दाखवतो. आपल्याकडचे खेळाडू त्याला 'आगेवाला' म्हणतात. रंगनाथने फटका मारला, चेंडू हवेत असतानाच माझ्या हेडफोनमध्ये आवाज आला, "हितं हाय."

मी आगेवाल्याकडे पाहिलं. तो डोळ्यांवर हात धरून आकाशात शोधत होता. चेंडू सापडला नाही.

दुसऱ्यांदा बंगलोरला. तिथला आगेवाला तमिळ होता. मराठी त्याच्या सात पिढ्यांत कुणी बोललं नसेल. तोही चेंडू गेला.

फितीच्या धंद्यात एक दोष असतो. फीत रिळावर गुंडाळलेली असते आणि एका थरावरचा आवाज शेजारच्या थरावर पुसट उमटतो. मी स्वतःला तेच सांगितलं. जुनी फीत असेल, कुणीतरी आधी वापरलेली. पण मला एक गोष्ट नाकारता येईना. तो आवाज मैदानातला नव्हता. उघड्या मैदानात आवाज पसरतो. हा पसरत नव्हता. मातीच्या भिंती, गोल पोट, वर बारीक तोंड, खोली दहा-बारा हात. माझा धंदाच तो आहे. मला आवाजावरून जागा कळते.

डिसेंबरपर्यंत सात वेळा ते झालं. सात चेंडू गेले. रंगनाथ वैतागला. प्रत्येक खेळाडू आपल्या चेंडूवर शाईने खूण करतो, दुसऱ्याचा मारला जाऊ नये म्हणून. रंगनाथ 'पं' लिहायचा.

"दादा भेटला की दाखवीन म्हणतो," एकदा मोजे वाळत घालताना तो कॅमेऱ्यासमोर म्हणाला. मग माझ्याकडे बघून हसला. "भुजंगदादांनी बसवून दिलंय म्हणजे कुठंतरी असणारच की."

मी मान खाली घालून आवाजाचा काटा बघत राहिलो.

शेवटच्या भागासाठी बन्सीधरला गाव हवं होतं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पोचलो. नामांतर आता होणारच, अशी चर्चा स्टेशनवरच्या चहाच्या गाड्यापासून सुरू होती. रंगनाथची वस्ती जळाली तिथे आता बाभळी होत्या, दोन चुलींचे दगड होते. पलीकडे आमचं खळं. त्याच्यामागे पेवावर गवत माजलेलं. बघणाऱ्याला तिथे काही आहे असं वाटलंही नसतं.

सकाळचे दहा वाजले असतील. चांगुणाबाई चुलीच्या दगडाशी घोंगडीवर बसली. बन्सीधरने विचारलं, तिने सांगितलं.

"आमाला ह्या लेकरानं वाचिवलं," ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "तवा कोन कुनाला इच्यारत हुतं? ह्यानं गाडी जुपली. माझ्या पंडितलाबी ह्यानंच बसिवला."

"भुजंग, तू पण समोर ये ना," बन्सीधर म्हणाला.

"आवाज कोण बघणार?" मी म्हणालो.

मग रंगनाथने, जिथे त्यांच्या घराचा उंबरा होता तिथून एक फटका मारायचा, असं ठरलं. त्याने चेंडूवर 'पं' लिहिलं, फुंकर घालून शाई वाळवली. वारा नव्हता. काठी फिरली, चेंडू निळ्या आभाळात चढला.

"हितं हाय."

इतका स्पष्ट तो कधीच आला नव्हता. मी यंत्राच्या काट्याकडे पाहिलं. काटा हलला होता.

चेंडू पडल्याचं कुणालाच दिसलं नाही. रंगनाथ, बन्सीधर, गावातले दोघंतिघं तुरीत शोधायला लागले. अर्धा तास गेला. मी खळ्याकडे बघायचं टाळत होतो.

"राहू दे," बन्सीधर शेवटी म्हणाला. "भुजंग, तुझी शांतता घे, निघू."

मी हात वर केला. सगळे जागच्या जागी थांबले. मी फीत सुरू केली आणि हेडफोन कानाला लावणार, तेवढ्यात चांगुणाबाई म्हणाली, "काय ऐकायलास रं लेकरा एवढं?"

"काही नाही मावशी. नुसती शांतता."

"मग दे की मला. तेवढं तर मलाबी ऐकू यील."

सगळे हसले. नाही कसं म्हणणार? मी हेडफोन तिच्या डोक्यावर ठेवले, पदर नीट केला.

ती ऐकत बसली. मी घड्याळ बघत होतो. दहा सेकंद. तीस. तिचा चेहरा हलला नाही. फक्त मांडीवरचा हात घोंगडीवर आला आणि बोटं हळूहळू काही तरी वाजवायला लागली. टक, टक टक. टक, टक टक.

साठ झाले. तिने हेडफोन स्वतःच काढले आणि माझ्या हातात दिले.

"भुजंगा," ती म्हणाली. तिने मला याआधी कधी नावाने हाक मारली नव्हती. "खिडकीपाशी बसिवला हुतास न्हवं त्याला?"

रंगनाथ माझ्याकडे बघत होता. बन्सीधर बघत होता. एवढं एकच वाक्य बोलायचं होतं, पंधरा वर्षांचं.

"हो मावशी," मी म्हणालो. "खिडकीपाशी."

तिने मान हलवली. काठी घेतली, उठली. रंगनाथ आधार द्यायला गेला, त्याचा हात तिने बाजूला केला. बाभळी ओलांडून ती खळ्याकडे गेली, खळ्याला वळसा घालून मागे गेली. एकदाही थांबली नाही, कुणाला विचारलं नाही. गवतात एका जागी तिने काठी रोवली आणि खाली बसली.

"हितं हाय," ती म्हणाली.

फावडं आमच्याच घरातून आणलं. गवताखाली फरशी निघाली. फरशीच्या कडेचं लिंपण कुठेही तडकलं नव्हतं. त्यात बोटं उमटलेली होती, माझी.

गावातल्या एका म्हाताऱ्याने दोरीला कंदील बांधून आत सोडला. रीत म्हणून. ज्योत विझली नाही.

पंडित तोंडाच्या अगदी खाली, भिंतीला टेकून होता. ज्वारीची पोती रचून तो वर चढला होता. त्याच्या पुढ्यात, ओळीने मांडून ठेवावेत तसे, आठ पांढरे चेंडू होते. आठांवर 'पं'. आठव्याची शाई रंगनाथच्या बोटाला लागली.

मी पोलिसांना सगळं सांगितलं. रंगनाथला सांगितलं. त्याने मला मारलं नाही, शिवी दिली नाही. तो म्हणाला, "पोती का रचली असतील त्यानं, भुजंगदादा?" दोन श्वासांत गेलेला माणूस पोती रचत नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. चांगुणाबाई माझ्याशी पुन्हा बोलली नाही.

त्या साठ सेकंदांची फीत पोलिसांनी ऐकली. त्यांना तीत काही सापडलं नाही, त्यांनी परत दिली.

मी ती महिन्याभराने ऐकली. पंडितचा आवाज तीत नाही. आरंभी एक माणूस बोलतो. तो एकोणीस वर्षांचा आहे, धापा टाकतो आहे, आणि तो मी आहे. "गप बस पंडित. रातच्याला काढतो." मग फरशी सरकते.

त्यानंतर खालून दगडावर बोटं वाजायला लागतात. टक, टक टक. मिनिट संपेपर्यंत ती थांबत नाहीत.

ते सगळं चांगुणाबाईने शेवटपर्यंत ऐकलं होतं. आणि मगच तिने मला खिडकीबद्दल विचारलं होतं.