त्याच पत्र्याचा तुकडा

कपाटाची दोन दारं काळी करून घ्यायला तो फॅब्रिकेटर लोखंड काळं करायच्या आमच्या कारखान्यात आला आणि त्यातलं एक थेट माझ्या पायावर टेकवलं.

"लागलं?"

"नाही, सवय आहे... असल्या गिऱ्हाइकांची."

तो ओशाळून हसला, आणि मी उगीचच हातमोजे शोधू लागले.

"त्याच पत्र्याचा तुकडा आणलात?" आधी तुकडा टाकीत बुडवून रंग बघायचा, मगच काम, हा आमचा नियम.

"विसरलो. पण दोन्ही दारं एमएसचीच आहेत हो, साध्या लोखंडाची."

मी ऐकलं. का ऐकलं, ते माझ्या आत्याने, म्हणजे मालकिणीनेच, नंतर कारखानाभर सांगितलं.

टाकीतून दारं निघाली आणि माझं तोंड उतरलं. एक गुळगुळीत, एकसारखं काळं. दुसरं डागाळलेलं, मध्येमध्ये राखाडी. पहिलं थंड लाटलेल्या सीआर पत्र्याचं, दुसरं गरम लाटलेल्या एचआरचं. एचआरवर कडक पापुद्रा असतो. तो पुरता निघाला नाही, तर रसायन लोखंडापर्यंत पोचतच नाही.

"पापुद्रा काढून पुन्हा काळं करता येईल," मी म्हणाले, "पण हे भुरकटच राहणार. जोडी जमायची नाही. दोन्ही दारं एकाच पत्र्याची करा, आणि तुकड्याशिवाय इथे पाऊल टाकू नका!"

आवाज जरा जास्तच चढला. नवी दारं टेम्पोवाल्याने आणली, तुकड्यासकट. पुढची सगळी कामंही त्यानेच आणली. मला मात्र त्या फॅब्रिकेटरची रोज आठवण यायची. ओरडले मीच होते, आता बोलणार कोणाला?

"नियम गिऱ्हाइकासाठी केला होता मी," आत्या म्हणाली, "जावयासाठी नाही."

मग एका दुपारी तो स्वतः आला. हातात एचआरचा तळहाताएवढा तुकडा, पापुद्रा घासून काढलेला. बाहेर टेम्पो दिसेना.

"काम कुठंय?"

"अजून केलं नाही. माझ्या घराचं दार आहे..." तो अडखळला. "रोज येता-जाता तुम्हालाही दिसणार ते — म्हणजे, तुम्ही हो म्हणालात तर. म्हटलं, रंग आधी तुम्ही बघून घ्या."

माझे कान तापले. "एचआर का पण? भुरकट राहील."

"त्या दिवशी मला तेच दार आवडलं होतं. तुम्ही ओरडत होतात, म्हणून बोललो नाही."

मी तुकडा टाकीत सोडला. वेळ झाल्यावर काढला, धुतला, तेलाचा हात फिरवला. मऊ, भुरकट काळा.

"चालेल," मी म्हणाले.

"रंग?"

"रंगही."