हाताने लावलेलं

“आधी विचारावं, मग हात लावावा गं...” लहानपणी शेजाऱ्यांच्या फुलाकडे तिचा हात वळला की मावशी खिडकीतून म्हणायची. आवाजात राग लटका, माया खरी. इतक्या वर्षांनी तो आवाज कानात घुमला तो भलत्याच जागी, लॅपटॉपसमोर!

ती बाहेरून बोलावलेली इंजिनिअर. आल्या दिवशीच लिफ्टच्या दारात एकाशी टक्कर झाली, त्याचा चहा तिच्या बाहीवर सांडला. त्याला ऑफिसात सगळे ‘माळी’ म्हणत, कारण क्लस्टरवरची, म्हणजे कंपनीच्या जोडलेल्या सर्व्हरांवर चालणारी, एकेक सेवा तो रोपासारखी स्वतःच्या हाताने लावायचा, जपायचा. तिला तिथे हेल्म नावाचं सॉफ्टवेअर बसवायचं होतं, म्हणजे एका कमांडवर सगळं लागावं, बिघडलं तर तितक्याच सहज मागे घेता यावं. “म्हणजे माझ्या पोटावर पाय,” तो हसून म्हणाला होता, आणि रोज न चुकता चहा आणून देत होता.

आज काम संपणार होतं. उद्यापासून ती दुसऱ्या कंपनीत. दोघांनाही ठाऊक, पण विषय कुणी काढत नव्हतं.

तिने कमांड दिली, आणि हेल्म अडलं. स्क्रीनवरच्या संदेशाचा अर्थ एवढाच: ही सेवा इथे आधीच आहे, तिच्यावर माझी खूण नाही, मी हात लावणार नाही! अगदी मावशीच.

ती लॅपटॉप घेऊन उठली आणि त्याच्या टेबलाशी गेली. सकाळी त्याने ती सेवा हाताने लावून ठेवली होती. खुशाल पुसून टाका, तो म्हणाला. तिने नकारार्थी मान हलवली, खुर्ची ओढली, आणि त्या सेवेच्या एकेका फाइलवर हेल्मच्या मालकीचं लेबल चढवू लागली. तो नावं वाचत होता, ती टाइप करत होती. कोपराला कोपर लागत होतं — कुणी बाजूला घेत नव्हतं.

पुन्हा कमांड. या वेळी हेल्म मुकाट्याने कामाला लागलं.

“एक सांगू?” तो स्क्रीनकडे बघत म्हणाला. “ती सेवा मी मुद्दाम लावली. हेल्म अडेल, माहीत होतं. म्हटलं... तुम्ही उठून याल.”

“तेवढ्यासाठी?”

“उद्या तुम्ही नसणार. मला ते चालणार नाही.”

ती हसली. लॅपटॉप मिटला.

“वेडा आहेस,” ती म्हणाली, “अडलं नसतं, तरी मी आले असते... तुझ्याकडे.”