दोर घेऊन पळा

श्रीगोंद्याच्या बाहेर, साखर कारखान्याच्या रस्त्याला लागून, प्लॉट पाडून झालेली ती वसाहत. साठेक घरं. मागच्या वर्षी भरदिवसा दोन घरं फुटली आणि वसाहतीने सुरक्षा यंत्रणा घेतली. यंत्रणा म्हणजे एक नंबर. त्यावर फोन करून बोललं की साठही घरांतले मोबाईल एकदम वाजायचे, आणि उचलला की बोलणाऱ्याचा आवाज जसाच्या तसा कानावर यायचा.

चोर काही पुन्हा फिरकले नाहीत. लोकांनी मग नंबर वाया जाऊ दिला नाही. टँकर आला, शेळी सुटली, एकदा तर कुणीतरी साठ घरांना विचारलं की विरजण आहे का. हे ऐकून सहादेवचं डोकं फिरलं. तो सुरक्षा समितीचा प्रमुख. तीस वर्षं कारखान्यात टाइमकीपर होता. भोंगा अर्धा मिनिट चुकला तर त्याला जेवण गोड लागत नसे. त्याने सगळ्यांना देवळासमोर बसवून धडा दिला. आधी नाव, मग ठिकाण, मग काय झालं ते. रडायचं नाही, रडत बोललेलं कळत नाही. आणि ऐकणाऱ्याने पुरतं ऐकत बसायचं नाही, फोन ठेवून पळत सुटायचं.

मार्चमधली दुपार होती. पावणेतीन वाजले होते. मुलगा आणि सून पुण्याला कामाला, त्यांची सहा वर्षांची संस्कृती आजी-आजोबांच्या भरवशावर, आत झोपलेली. सहादेवने तंबाखूची चिमूट ओठाखाली ठेवली, तेवढ्यात फोन वाजला.

“मी सहादेव बोलतोय. वसाहतीमागचं शेततळं. आमची संस्कृती पडलीय. दोर घिऊन पळा.”

आवाज त्याचाच होता. क्रमही त्यानेच शिकवलेला. फक्त तो आवाज रडत होता. सहादेवचं तोंड तंबाखूने बंद होतं. त्याने घाईने फोन तोडला.

दारात त्याची बायको बनुबाई आपला फोन धरून उभी होती. “तुमी तर बोललाच न्हाई,” ती म्हणाली.

दोघांनी आत पाहिलं. पोर गालाखाली हात घेऊन झोपली होती.

बाहेर दारं आपटली, पावलं धावली. सहादेवला संताप आला. हल्ली मोबाईलवर कुणाचाही आवाज काढता येतो म्हणे. कुणा टारगटाचं काम असणार. लोकांना परत फिरवायला तो तरातरा निघाला. बनुबाई ओट्यावर रस्त्याकडे डोळे लावून थांबली. मागचं दार उघडं होतं.

शेततळ्यावर चाळीसेक माणसं जमली होती. तळ्याला काळा प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला. त्यावरून पाय घसरला तर धडधाकट माणसालाही वर येता येत नाही. पाणी स्तब्ध होतं. शेजारचा वायरमन कल्याण कमरेला दोर बांधून उभा होता. सहादेवने सांगितलं, पोर घरात झोपलीय, कुणीतरी थट्टा केली. दोघं-तिघं हसले. बाकीचे त्याच्याकडे बघत राहिले. कल्याण गाठ सोडायला लागला.

तेव्हा समोरच्या काठावर, तुटलेल्या तारेतून एक करडू आलं.

मागून संस्कृती आली. अनवाणी. गालावर उशीचे वळ.

सहादेवच्या तोंडून हाक फुटली नाही. ती करडाला धरायला वाकली आणि तिचा पाय कागदावर गेला.

कल्याणने उडी टाकली.

सगळ्यांनी मिळून दोर ओढला. दहा मोजायच्या आत पोर काठावर होती. खोकत, रडत, करडू कुठंय म्हणून विचारत.

एका म्हाताऱ्याने पायातल्या वहाणा काढल्या. मग एकेक करून सगळ्यांनीच काढल्या. सहादेवनेही काढल्या. त्याचे डोळे वाहत होते. हात जोडावेत असं त्याला फार वाटत होतं, पण कुणाला, ते कळत नव्हतं.

दिवेलागणीला कल्याण आला. त्याच्या मोबाईलमध्ये प्रत्येक फोन आपोआप रेकॉर्ड व्हायचा. दुपारी तो फोन चालू ठेवूनच खाटेवर टाकून पळाला होता. बाकी सगळ्यांनी निरोप मध्येच तोडला होता. शेवटपर्यंत तो कुणीच ऐकला नव्हता.

“काका, पुढं पन हाय,” कल्याण म्हणाला आणि त्याने तो लावला.

नाव. ठिकाण. दोर. मग नुसता पाण्याचा आवाज, बराच वेळ. मग लांबून एका बाईने हंबरडा फोडला. बनुबाईने मांडीवरच्या संस्कृतीला छातीशी ओढलं. तिला स्वतःचाच आवाज ओळखू आला होता.

त्यानंतर पुन्हा सहादेव बोलला. आता तो रडत नव्हता. एकेक शब्द स्वच्छ कळत होता.

“आता पळू नका. सावकाश या.”